झाडाचं वय, नदीचं पाणी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते. विद्यार्थ्यानं एखादी फांदी आणून पुढं ठेवली की पानाफुलांकडं वळण्याआधी ते विचारत, ही कुठल्या जमिनीवरची, आणि तिथून पाणी किती लांब? आज ज्या झाडाविषयी मी बोलणार आहे, ते समजून घ्यायचं तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी लागते. झाडाचं नाव आवेवेते. ते मेक्सिकोचं. त्याला ओढूनताणून आपल्याकडं आणण्याचा माझा विचार नाही. त्याची गोष्ट त्याच्याच नद्यांच्या काठी सांगितली पाहिजे.

आवेवेते सायप्रसच्या कुळातलं. आपल्या अंगणात आणि शाळांच्या आवारात जी मोरपंखी लावतात, तीही याच कुळातली. पण आवेवेते डोळ्यांपुढं आणायचं तर मोरपंखी क्षणभर बाजूला ठेवावी लागेल. पुरतं वाढलेलं झाड तीस-पस्तीस मीटर उंच जातं, फांद्या पसरतात आणि त्यांची टोकं खाली लोंबतात. पानं जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब, मऊ, काडीच्या दोन्ही अंगांना ओळीनं लागलेली, त्यामुळं सगळी डहाळी पिसासारखी दिसते. शास्त्रीय नाव टॅक्सोडियम म्युक्रोनेटम. मिकेले तेनोरे या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८५३ साली त्याचं वर्णन केलं, तेही नेपल्सच्या उद्यानात लावलेल्या एका झाडावरून. मेक्सिकोतले राजे त्याच्या कितीतरी आधीपासून ते आपल्या बागांत लावत होते.

टेक्सासच्या दक्षिण टोकापासून ग्वाटेमालातल्या ऊएऊएतेनांगोच्या डोंगरांपर्यंत ते सापडतं. त्याचं खरं माहेर मात्र मेक्सिकोचं उंच पठार, आणि त्यातही नदीकाठ. दीड-दोन हजार मीटर उंचीवर आजूबाजूचे डोंगर उन्हाळ्यात करपलेले असतात, निवडुंग आणि काटेरी झुडपं एवढंच काय ते उभं असतं, आणि त्या सगळ्यातून एक हिरवी रेघ वळणं घेत जाते. ती रेघ म्हणजे ओढा किंवा नदी आणि तिच्या दोन्ही काठांवरची आवेवेते. पाण्यापासून शंभर पावलं दूर गेलात की ती संपतात. पाऊस लांबला तरी मुळाशी ओल असते, म्हणून ती तग धरतात.

बी रुजण्याची रीत तर आणखी काटेकोर आहे. सुपारीएवढ्या लहान शंकूतून बिया सुटतात, वाऱ्यानं आणि पाण्यानं वाहत जातात. त्यांना उघडा, ओला गाळ हवा. असा गाळ पूर टाकून जातो. पुढचे काही महिने तो ओलाच राहायला हवा, आणि रोप जरा सावरेपर्यंत पुढच्या पुरानं ते उपटून नेता कामा नये. एवढं सगळं जुळून येणारी वर्षं थोडी. म्हणून नदीकाठी उभं असलेलं प्रत्येक जुनं आवेवेते कुठल्या तरी एका भल्या पुराचं मूल आहे. माझं आजचं सारं म्हणणं याच गोष्टीभोवती आहे. या झाडाच्या आयुष्याला आपण थक्क होऊन हात जोडतो, त्याचा घेर मोजतो, भोवती कुंपण घालतो. पण ते आयुष्य त्याला ज्यानं दिलं, त्या पाण्याकडं आपलं लक्ष फार उशिरा जातं.

सर्वांत प्रसिद्ध आवेवेते ओआहाका शहराच्या पूर्वेला, नऊ-दहा किलोमीटरवर आहे. गावाचं नाव सांता मारिया देल तुले. चर्चच्या आवारात हे झाड उभं आहे आणि पांढरं, नक्षीदार चर्च त्याच्यापुढं लहान दिसतं. २००५ साली मोजलं तेव्हा बुंध्याचा घेर सुमारे ४२ मीटर भरला आणि उंची ३५ मीटरच्या थोडी वर. म्हणजे झाड जेवढं उंच आहे, त्याहून त्याचा घेर जास्त! मला हे आकडे पहिल्यांदा वाचून खरे वाटले नव्हते.

जवळ गेलं की ४२ मीटर कुठून आले ते कळतं. बुंधा गोल नाहीच. त्याला खोल घळी आहेत, भिंतीसारखे पुढं आलेले कणे आहेत, आणि हे कणे वर जाता जाता एकमेकांत मिसळतात, पुन्हा फुटतात. साल तपकिरी-करडी, तंतूंची, उभ्या पट्ट्यांनी सोलपटणारी. टेप कण्यांच्या टोकांवरून ताणली तर एक आकडा येतो, घळींमधून नेली तर दुसरा. सगळे उंचवटे सपाट करून तेवढ्याच लाकडाचा गोल खांब कल्पिला तर त्याचा व्यास ९.३८ मीटर येतो. तोही अफाटच आहे. या गाठींमध्ये आणि सुरकुत्यांमध्ये लोकांना आकृत्या दिसतात. गावातली शाळकरी पोरं पाहुण्यांना त्या दाखवतात. हातात छोटा आरसा असतो, त्यानं उन्हाचा कवडसा बुंध्यावर नेमका पाडायचा आणि सांगायचं, हा हत्ती, हा जाग्वार, ही मगर. कुठल्या वेळी कुठल्या बाजूनं ऊन येतं आणि कुठली आकृती उजळते, हे त्या पोरांना तोंडपाठ असतं.

असा बुंधा पाहून अनेकांना शंका येई, की ही शेजारी शेजारी उगवलेली दोन-तीन झाडं काळाच्या ओघात एकजीव झाली असतील. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीनं ती शंका मिटवली. वेगवेगळ्या भागांतले नमुने एकाच झाडाचे निघाले. वयाचा प्रश्न मात्र तसा मिटलेला नाही. कोणी तीन हजार वर्षं म्हणालं, कोणी सहा हजारांपर्यंत गेलं. वाढीच्या वेगावरून बांधलेला संयमित अंदाज साधारण १४०० ते १६०० वर्षांचा आहे. तिथल्या सापोतेक लोकांची कथा सांगते, की वाऱ्याचा देव एहेकात्ल याच्या पेकोचा नावाच्या पुजाऱ्यानं सुमारे १४०० वर्षांपूर्वी हे झाड लावलं. लोककथा आणि वाढीचा हिशेब इतके जवळ येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पाण्याकडं येऊ. तुले म्हणजे पाणथळीतली लव्हाळ्यासारखी उंच वनस्पती, आणि ज्या गावाचं नाव तिच्यावरून पडलं, ते एकेकाळी दलदलीच्या काठी होतं. आज तिथं दलदल नाही. भोवती गाव वाढलं, रस्ते झाले, विहिरींनी भूजल खाली गेलं. १९९० साली बातम्या आल्या, की झाड हळूहळू मरणाला लागलं आहे. पाण्याची टंचाई, प्रदूषण आणि शेजारच्या महामार्गावरून रोज जाणारी ८००० वाहनं, असं निदान होतं. मुळांवरची जमीन दाबली गेली की तिच्यात ना पाणी मुरतं ना हवा खेळते. तेव्हापासून या झाडाची काळजी घेतली जाते, त्याला पाणी दिलं जातं, आणि ते हिरवंगार आहे. २००१ साली ते जागतिक वारशाच्या प्रस्तावित यादीतही गेलं होतं. गावानं त्याच्यावर माया केली यात शंका नाही. पण ज्या झाडाला दीड हजार वर्षं कोणी एक घागरही घातली नव्हती, त्याला आता माणसाच्या हातचं पाणी लागतं, हे मला मोजमापांच्या सगळ्या आकड्यांहून मोठं वाटतं.

तुलेचं झाड निदान वाचलं. मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेकच्या टेकडीखालच्या जुन्या झाडांना तेवढं नशीब लाभलं नाही. पंधराव्या शतकात तेस्कोकोचा राजा नेसावाल्कोयोत्ल हा कवी होता आणि बांधकामातला जाणकारही. चापुल्तेपेकची आवेवेते त्यानं लावून घेतली असं सांगतात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी झरे होते, आणि त्यांचं पाणी जलसेतूवरून तेनोचतित्लान या अ‍ॅझटेक राजधानीत जाई. राजधानी खाऱ्या सरोवरातल्या बेटावर वसलेली, त्यामुळं हे गोडं पाणी म्हणजे शहराचा जीव होता. १५२१ साली स्पॅनिश आक्रमक हर्नान कोर्तेसच्या माणसांनी राजधानीला घातलेल्या वेढ्याच्या सुरुवातीलाच काय केलं, तर हा जलसेतू फोडला. शहर कुठं दुखावतं हे शत्रूला बरोबर कळलं होतं.

झऱ्यांचा पुढचा शेवट कुठल्या वेढ्यानं केला नाही. शहराच्या तहानेनं केला. जमिनीखालचं पाणी उपसत गेले आणि विसाव्या शतकात चापुल्तेपेकचे झरे आटले. त्याच उपशानं शहराची जमीनही खचली, विसाव्या शतकात काही भाग नऊ मीटरांहून अधिक खाली गेला, आणि आजही काही ठिकाणी ती वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत खचते आहे. चापुल्तेपेकच्या उद्यानातल्या एका वृद्ध आवेवेतेला लष्करी विद्यालयातली मुलं सार्जंट म्हणत. त्याला पहारेकरी असंही नाव आहे. पाचशेहून अधिक वर्षं जगून ते १९६९ साली मेलं. त्याचा साडेबारा मीटर घेराचा, पंधरा मीटर उंचीचा वठलेला सोट तिथंच उभा ठेवला आहे. लोक त्याच्यापुढं फोटो काढतात. तिथं झरा होता, ही आठवण मात्र त्यांतल्या फार थोड्यांना असेल.

मेक्सिकोच्या मनात या झाडाची जागा किती खोल आहे, हे अ‍ॅझटेकांच्या नाहुआत्ल भाषेच्या जुन्या वळणांतून दिसतं. चांगल्या राजाला तिथं पोचोत्ल आणि आवेवेत्ल म्हणत, म्हणजे सावरीच्या जातीचं ते महाकाय झाड आणि हे नदीकाठचं. ज्याच्या सावलीत प्रजा बसते तो राजा. सोळाव्या शतकात साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं स्थानिक लोकांच्या मदतीनं जे प्रचंड संकलन केलं, त्यात हे बोल जपले गेले आहेत.

श्रद्धेचा धागा आजही तुटलेला नाही. चाल्मा या गावातल्या ख्रिस्तमूर्तीच्या दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू पायी जातात. वाटेत ओकुइलानजवळ एक मोठं आवेवेते लागतं, त्याच्या मुळांतून झरा वाहतो. यात्रेकरू तिथं थांबतात, त्या पाण्यानं अंघोळ करतात, डोक्यावर फुलांचे मुकुट घालतात आणि झाडापुढं नाचतात. ज्यांना मूल झालं ते बाळाची नाळ किंवा कपडा छोट्या पिशवीत घालून झाडाला बांधतात. झाड आणि झरा या दोन गोष्टी इथं कोणी वेगळ्या केलेल्याच नाहीत, आणि मला वाटतं या यात्रेकरूंना झाडाचं मर्म अभ्यासकांच्या आधी कळलं.

मेक्सिको सिटीतल्याच पोपोत्लाच्या झाडाचंही सांगायला हवं. ३० जून १५२०च्या रात्री कोर्तेसचं सैन्य तेनोचतित्लानमधून मार खाऊन पळालं, आणि कोर्तेस एका आवेवेतेखाली बसून रडला, अशी आख्यायिका आहे. ते झाड दुःखी रात्रीचं झाड म्हणून ओळखलं गेलं. होसे मारिया वेलास्को या थोर निसर्गचित्रकारानं ते रंगवलं. १८७२ साली त्याला आग लागली, १९८०च्या सुमारास पुन्हा, आणि त्यात ते संपलं. उरला तो जळका बुंधा. २०२१ साली मेक्सिको सिटीच्या सरकारनं त्या चौकाला विजयी रात्रीचं नाव दिलं, कारण ती रात्र दुःखाची होती ती आक्रमकांसाठी. नामांतर मला पटतं.

आता ज्यासाठी मी या विषयाकडं वळलो त्या भागाकडं येतो. आवेवेते पाण्याच्या काठी जगतं, तसा ते पाण्याचा जमाखर्चही लिहून ठेवतं. दरवर्षी लाकडात एक वलय भरतं. ओल भरपूर असेल तर रुंद, दुष्काळ असेल तर केसासारखं बारीक. वलयं मोजायला झाड तोडावं लागत नाही. पोकळ पात्याचा गिरमिट हातानं फिरवत खोडात घालतात आणि पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवतात आणि बारीक, आणखी बारीक पॉलिश पेपरनं घासतात, इतकी की भिंगाखाली लाकडाच्या पेशी सुट्या दिसाव्यात. मग मोजणी. इथं घाई चालत नाही. वाईट वर्षी झाड काही बाजूंना वलय भरतच नाही, कधी एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एका झाडावर विश्वास ठेवायचा नाही. बारीक-रुंद वलयांचा क्रम अनेक झाडांत ताडून पाहायचा, आणि जिथं सगळी झाडं एक बोलतात तिथं वर्ष पक्कं करायचं.

तुलेच्या झाडावर हे करता येत नाही. एवढ्या बुंध्याच्या गाभ्यापर्यंत गिरमिट पोचत नाही, आणि अशा जुन्या झाडांचा गाभा बहुधा कुजलेला असतो. मोठ्या झाडांहून कामाची ठरली ती केरेतारो राज्यातल्या आमेआल्कोच्या खोल घळीतली आवेवेते. वलयांचे अभ्यासक डेव्हिड स्टाल, होसे विजानुएवा दियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावरून इ.स. ७७१ ते २००८ अशी १२३८ वर्षांची सलग साखळी बांधली आणि २०११ साली ती प्रसिद्ध केली. या वलयांवरून जून महिन्यातली जमिनीतली ओल कळते. मक्याची शेती करणाऱ्या त्या पठारावर जूनची ओल म्हणजे वर्षाचं पोट, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

त्या साखळीत चार भीषण दुष्काळ उमटले आहेत. पहिला ८९७ ते ९२२, दक्षिणेत माया नगरं ओस पडत होती त्या काळातला. तो मध्य मेक्सिकोच्या पठारापर्यंत पसरला होता, याचा वर्षावार पुरावा या झाडांनी दिला. दुसरा ११४९ ते ११६७, तोल्तेकांच्या तुला नगरीच्या ऱ्हासाच्या वेळचा. तिसरा १३७८ ते १४०४. चौथा १५१४ ते १५३९, म्हणजे कोर्तेस किनाऱ्यावर उतरला तेव्हा देश आधीच कोरड्यात सापडलेला होता. आपल्याकडं बहात्तरचा दुष्काळ दोन-तीन वर्षांचा, आणि अजून आजी-आजोबांच्या बोलण्यात तो काल घडल्यासारखा येतो. सव्वीस वर्षांचा दुष्काळ म्हणजे एक पिढी जन्मून, लहानाची मोठी होऊन संसाराला लागली तरी चांगलं वर्ष तिच्या वाट्याला आलं नाही. राज्यं केवळ पावसानं बुडत नाहीत, राजकारण, युद्ध, रोगराई सगळं त्यात असतं. तरीही या वलयांपुढं बसून मेक्सिकोचा इतिहास पुन्हा वाचावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

आवेवेतेचा चुलतभाऊ अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलींत वाढतो. उत्तर कॅरोलायनातल्या ब्लॅक रिव्हरच्या काठचं तसलं एक झाड निदान २६२४ वर्षांचं असल्याचं स्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं. तेही पाण्यात पाय बुडवून उभं आहे.

आवेवेते मेक्सिकोचं राष्ट्रीय झाड झालं १९२१ साली, स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वेळी. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याची एक कठीण कसोटी राजधानीतच झाली. पासेओ दे ला रेफोर्मा या भव्य रस्त्यावरच्या एका चौकात जुनं पामचं झाड होतं. बुरशीनं ते मेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये काढावं लागलं. त्या जागी काय लावावं असं लोकांना विचारलं, लोकांनी आवेवेतेला कौल दिला. नवं झाड यायच्या आतच, मे महिन्यात, बेपत्ता माणसांच्या नातलगांनी तो चौक आपला केला. मेक्सिकोत हजारो माणसं नाहीशी झाली आहेत. त्यांच्या आयांनी चौकाभोवती आपल्या मुलांचे फोटो लावले. जूनमध्ये न्युएवो लेओन राज्यातल्या रोपवाटिकेतून आणलेलं वाढलेलं आवेवेते तिथं लागलं, आणि काही महिन्यांत वाळलं. २०२३ साली त्या जागी दुसरं लावलं. डांबर आणि सिमेंटच्या मधोमध, जिथं प्रवाह नाही तिथं नदीकाठचं मोठं झाड उचलून ठेवलं, तर ते रुसणारच. लोकांच्या निवडीत मला खोट दिसत नाही, त्यांनी आपल्या मनातलं झाड मागितलं. त्या झाडाला काय लागतं याचा विचार ज्यांनी करायचा, त्यांनी तो पुरेसा केला नाही.

आणि म्हणून रोपं लावण्याच्या मोहिमांनी मला तेवढं समाधान होत नाही. आवेवेतेचं रोप वाटिकेत सहज होतं, वाढतंही चटकन. अडचण नदीवर आहे. वर धरण झालं की पूर येत नाही, पूर नाही तर ताजा गाळ नाही, गाळ नाही तर बी रुजत नाही. काठ शेतांनी गिळलेला असतो, पात्रातलं पाणी पंपांनी ओढलेलं असतं. अशा नद्यांच्या काठी पाचशे-सातशे वर्षांची झाडं दिमाखात उभी दिसतात आणि त्यांच्या पायाशी एकही कोवळं झाड नसतं. पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

मेक्सिकोत या दिशेनं काही काम झालं आहे आणि ते सांगून मी थांबतो. नदीत तिच्या स्वतःसाठी किती पाणी राहिलं पाहिजे, हे ठरवण्याचं राष्ट्रीय मानक तिथं २०१२ साली आलं. त्यात वर्षभराच्या धारेबरोबर पुराचाही हिशेब धरला जातो. सान पेद्रो मेस्कितल ही पश्चिम सिएरा माद्रे ओलांडून पॅसिफिकला जाणारी नदी, जिच्या मुख्य प्रवाहावर मोठं धरण झालेलं नाही. २०१४ साली तिचं पाणी तिच्यासाठी राखून ठेवणारा पहिला हुकूम निघाला. २०१८ साली असेच हुकूम सुमारे ३०० खोऱ्यांसाठी निघाले. कागदावरचं पाणी पात्रात राहतं की नाही, हे खोऱ्याखोऱ्यांत वेगवेगळं ठरेल, आणि राजकारण बदललं की हुकूमही बदलू शकतात. सान पेद्रो मेस्कितलच्या वरच्या अंगाला, दुरांगो राज्यात, काठांवर जुनी आवेवेते उभी आहेत. त्यांच्यासाठी कुंपणाहून जास्त मोलाचं काम त्या हुकमानं केलं आहे. तिथला पूर अजून येतो.